किनाऱ्यावरून आणलेला प्राणी तिसऱ्या महिन्यात काय खाईल?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: दीडशे लिटरची टाकी आठवड्यापूर्वी खाऱ्या पाण्याने भरली आहे, पंप आणि फिल्टर चालू आहेत, पाणी स्वच्छ दिसतंय. खडकाळ किनारा जाण्यासारख्या अंतरावर आहे. ओहोटीला तिथल्या डबक्यांत शंख, खेकडे, समुद्रफुलं (म्हणजे सी ॲनिमोन, फुलासारखे दिसणारे प्राणी), तारामासे, बोटाएवढे मासे दिसतात. परवा एक लहान ऑक्टोपसही दिसला. यातलं काय आणि किती आणलं तर जगेल?

आत्ता काहीच आणू नका. महिना-सव्वा महिन्यानंतर, एकदम नाही तर दोन-दोन करून, चार-पाच शंख आणि शंखात राहणारा एखादा हर्मिट खेकडा आणा. समुद्रफूल त्यानंतर. तारामाशाचा विचार वर्षभर तरी नको आणि ऑक्टोपसचा कधीच नको. मी बावीस वर्षं खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळतोय, त्यातल्या बऱ्याचशा किनाऱ्यावरून आणलेल्या प्राण्यांच्या. हे उत्तर त्या अनुभवातून आलंय, त्यामुळे त्यामागची कारणं जरा सविस्तर सांगतो.

किती लिटरला किती प्राणी, हा हिशेब सगळेच विचारतात. गोड्या पाण्यातल्या माशांपुरता तो थोडाफार चालतो. किनाऱ्यावरच्या प्राण्यासमोर मात्र मी दुसराच प्रश्न ठेवतो: हा तिसऱ्या महिन्यात काय खाईल? पहिल्या आठवड्यात जे मरतात ते बहुतेक पाण्यामुळे. ते लगेच कळतं, कारण वास येतो, पाणी गढुळतं, आपली धावपळ होते. तिसऱ्या महिन्यात जे मरतात ते बहुतेक भुकेने, आणि ते कळतही नाही. समुद्रफुलाला खायला मिळालं नाही तर ते स्वतःचंच अंग खर्ची घालत आकसत जातं. आणताना वाटीएवढं असलेलं फूल बटणाएवढं होतं, आणि रोज बघणाऱ्याला त्यातला फरक जाणवत नाही. मग लोक म्हणतात, चांगलं तीन महिने जगलं. समुद्रात ते कित्येक वर्षं जगलं असतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्हालाच तपासाव्या लागतील. पहिली म्हणजे कायदा. संरक्षित किनाऱ्यावरून रिकामा शंख उचलणंही गुन्हा असू शकतो. दगडी प्रवाळ, महाकाय शिंपले आणि समुद्रघोडे यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या कराराखाली नियंत्रित आहे, आणि अनेक देशांत प्रवाळ किंवा समुद्रकाकड्या नुसत्या उचलायलाही बंदी आहे. संबंधित खात्याला आधी विचारा, अंदाजावर जाऊ नका. दुसरी गोष्ट तापमानाची. उष्ण समुद्रातले प्राणी घरातल्या तापमानात निभावतात, थंड समुद्रातल्या प्राण्यांना पाणी गार ठेवणारं यंत्र लागतंच. तिसरी गोष्ट, तुम्हाला किनाऱ्यावर वरचेवर जाता येतं का. ज्याला ताजं समुद्राचं पाणी दर आठवड्याला आणता येतं त्याचं निम्मं काम हलकं होतं.

आता पाण्याचं बघू. आठवडाभर फिरलेलं पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात अजून काही वस्तीला आलेलं नाही. प्राण्यांची विष्ठा आणि उरलेलं अन्न कुजून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट. हे जिवाणू दगडांवर, वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. समुद्राच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, आठच्या वर असतो, आणि तिथे अमोनियाचा विषारी अंश पीएच सातच्या पाण्याच्या तुलनेत दहा पटींहून जास्त होतो. म्हणूनच गोड्या पाण्याच्या टाकीत जी घाई खपून जाते ती खाऱ्या पाण्यात खपत नाही. वाटाण्याएवढा कच्च्या कोळंबीचा तुकडा टाकीत कुजू द्या आणि चाचणीच्या किटने दर दोन दिवसांनी मोजत राहा. अमोनिया चढेल, उतरेल, मग नायट्राइट चढेल, उतरेल. दोन्ही शून्यावर येऊन तिथेच टिकले की टाकी तयार झाली.

माझी पहिली टाकी मी आठव्या दिवशी भरली होती. एका ओहोटीत बादलीभर आणलं: खेकडे, शंख, दोन तारामासे आणि शिंपल्यांचा एक झुपका. त्यातला एक शिंपला मागच्या दगडाआड मेला. तो शिंपला आहे हे मला माहीत होतं, तो मेलाय हे माहीत नव्हतं, कारण मेलेला शिंपला काही वेळ तसाच मिटलेला दिसू शकतो. रात्री पाणी किंचित दुधाळ वाटलं. सकाळी खोलीत शिरताच वास आला. तारामाशांचे हात मऊ पडून सुटले होते आणि खेकडे पाण्याबाहेर आलेल्या दगडाच्या टोकावर जाऊन बसले होते. त्या बादलीतलं एकही जगलं नाही. शिंपले, कालवं आणि बार्नॅकल (खडकाला चिकटून राहणारे कवचधारी जीव) मी त्यानंतर टाकीत घेतले नाहीत. ते पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातात, घरच्या टाकीत तेवढं अन्न कधीच नसतं, आणि उपाशी मेले की सगळ्यांना घेऊन जातात.

“पण डबक्यातले प्राणी तर टणक असतात ना? दुपारचं ऊन, पावसाचं पाणी, सगळं सोसतात.” हे मला नेहमी ऐकवलं जातं आणि ते अर्धं खरं आहे. डबक्यातला खेकडा तापलेलं पाणी सोसतो, कारण काही तासांत भरती येते आणि डबकं धुऊन निघतं. नवं पाणी, नवा प्राणवायू, नवं अन्न, आणि घाण बाहेर. टाकीत भरती येत नाही. ती आपल्याला आणावी लागते: दर आठवड्याला दहा ते पंधरा टक्के पाणी बदलून, आणि पृष्ठभाग सतत हलता ठेवणारा पंप रात्रंदिवस चालवून. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास, आणि पाणी तापलं की तो आणखी घटतो. लाटांच्या फेसात राहणाऱ्या जिवाला हा फरक जाणवतो. पंप बंद पडला तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवा.

बाष्पीभवनाने पाणी कमी झालं की गोडं पाणीच घाला, मीठ उडून जात नाही. हे सांगून झाल्यावरही दहातले दोघे खारं पाणी भरतात आणि क्षारता हळूहळू चढत जाते. घनतामापकावर १.०२५ च्या आसपास राहा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवा.

याच टणकपणाच्या मुद्द्यावरून निवडीचा माझा नियम निघाला. जो प्राणी रोजच्या ओहोटीत उघडा पडतो तो टाकीतला कमीजास्तपणा सोसतो. जो फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, पाणी खूप आत गेल्यावर दिसतो, त्याला बदलाची सवय नसते. स्पंज, रंगीत समुद्री गोगलगायी, पिसांसारखे तारे असे सुंदर जीव बहुतेक त्याच खालच्या पट्ट्यात भेटतात, आणि तेच लवकर मरतात. स्पंजाच्या छिद्रांत तर नुसती हवा शिरली तरी तो आतून कुजू शकतो. रंगीत गोगलगायींतल्या बऱ्याच जाती एखाद्याच जातीचा स्पंज किंवा तसाच एखादा ठरावीक जीव खातात. तो संपला की त्यांच्यासाठी टाकीत काहीच उरत नाही.

मधल्या पट्ट्यातला जीव किती तग धरू शकतो याचं एक उदाहरण मला फार आवडतं. जॉन डॅलिएल या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने १८२८ मध्ये नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणलं. तांबड्या मण्यांसारखी जी जात तिकडे ओहोटीत खडकांवर सर्रास दिसते, त्यातलंच. ते काचेच्या बरणीत राहिलं आणि त्याचं पाणी वरचेवर ताजं बदललं जायचं. डॅलिएल १८५१ मध्ये वारले, फूल एका हातातून दुसऱ्या हातात गेलं, लोक त्याला ‘ग्रॅनी’ म्हणजे आजी म्हणायला लागले, आणि ते १८८७ मध्ये मेलं. सांभाळणारे बदलले तरी एका बरणीत एकोणसाठ वर्षं! त्या काळात ना पंप होता, ना चाचणीचा किट. टणक जात, भोवती गर्दी नाही, आणि ताजं पाणी, एवढंच त्याच्या वाट्याला होतं.

आता तुमच्या यादीकडे येतो.

शंख सगळ्यात आधी, कारण टाकी तयार झाली की काचेवर आणि दगडांवर तपकिरी-हिरवा थर धरतो आणि तो खरवडून खाणारे हेच. तिसऱ्या महिन्यातही त्यांचं अन्न टाकीतच उगवत असतं. पाण्याखाली, शेवाळ लागलेल्या दगडांवर फिरणारे घ्या. अगदी वरच्या, कोरड्या खडकांच्या भेगांत दडलेले बारीक शंख घेऊ नका. त्यांना पाण्याबाहेरच राहायचं असतं, ते काच चढून निघून जातात आणि सोफ्याखाली वाळलेले सापडतात. लिंपेट म्हणजे टोपीसारखा चिकटून बसणारा शंख, त्यालाही हात लावू नका. त्याच्या बऱ्याच जाती चरून झाल्यावर आपल्या ठरलेल्या जागी परततात, आणि ती जागा कवचाच्या कडेला तंतोतंत बसेल अशी दगडात झिजलेली असते. पात्याने उचकटला की त्याचा पाय फाटतो.

हर्मिट खेकडा हा नवशिक्यासाठी माझ्या मते सर्वांत चांगला सोबती. पडलेलं अन्न, शेवाळ, मेलेला किडा, सगळं खातो. त्याची गरज एकच, आणि नेमकी तीच विसरली जाते: वाढत्या अंगाला मोठं घर. टाकीत त्याच्या शंखापेक्षा थोडे मोठे दोन-तीन रिकामे शंख ठेवा आणि एखाद्या संध्याकाळी बघत बसा. तो शंखाच्या तोंडावरून नांगी फिरवतो, पाय आत घालून खोली चाचपतो, शंख उलटा करून आतली वाळू सांडतो, पुन्हा तोंड चाचपतो. कधी पाऊण तास हेच चालतं. मग इकडे-तिकडे बघितल्यासारखा थांबतो, आणि ते गुलाबीसर मऊ पोट एका शंखातून निघून दुसऱ्यात गेलेलं असतं. पापणी लवली तर चुकतं. हे रिकामे शंखही किनाऱ्यावरून ओंजळीने भरून आणू नका, तिथल्या हर्मिट खेकड्यांना तेच लागतात. आणि उचललेल्या प्रत्येक शंखात कोणी आहे का हे आधी बघा.

उचलण्यावरून आठवलं, उष्ण समुद्रात शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख जिवंत असेल तर हातातच घेऊ नका. कोन शंखांच्या काही जातींचा दंश माणसाचा जीव घेतो. निळी वर्तुळं असलेला लहान ऑक्टोपस, दगडासारखा दिसणारा दगडमासा आणि लांब काट्यांचे काळे अर्चिन यांच्यापासून लांब राहा. झोअँथिड म्हणजे गालिच्यासारखे पसरलेले, बटणांसारखे जीव. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं, त्यामुळे त्यांचा दगड घरी आणून खरवडणं किंवा उकळणं जिवावर बेतू शकतं. हाताला जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात हात घालू नका.

समुद्रफूल दोन-तीन महिन्यांनी, आणि फक्त तेव्हाच, जेव्हा ते मुठीएवढ्या सुट्या दगडावर बसलेलं मिळेल. दगडासकट आणा. खडकावरून खरवडलेल्या फुलाचा तळ फाटतो आणि ते बहुतेकदा कुजतं. टाकीत ते आपली जागा स्वतः शोधत फिरतं, म्हणून पंपाच्या तोंडाला आधी स्पंज बांधा. आठवड्यातून एकदा नखाएवढा कच्च्या कोळंबीचा तुकडा चिमट्याने टोकांवर ठेवा. टोकं तुकडा धरून आत वळवतात, तोंड हळूच उघडतं आणि अर्ध्या तासात फूल मिटून गोळा होतं. तासाभरात तुकडा टाकून दिला तर भूक नाही, काढून घ्या.

खेकड्यांबाबत सावध राहा. नखाएवढा खेकडा वाढतो, आणि रात्री शंखांची, लहान माशांची शिकार करतो. हवाच असेल तर एकच, आणि त्याच्यासाठी वेगळी टाकी. एक सकाळ अशी येईल की तुम्हाला तो मेलेला दिसेल, पाय पसरून, डोळ्यांसकट. उचलून बघा. हलका आणि पोकळ लागला तर ती त्याची कात आहे. खेकडा मऊ अंगाने कुठेतरी दडलाय, त्याला दोन-तीन दिवस अजिबात छेडू नका.

मासा शेवटी. डबक्यातले बरेचसे बोटाएवढे मासे ही मोठ्या माशांची पिल्लं असतात, दीडशे लिटरमध्ये ती मावणार नाहीत. तळाशी दगडावर पोट टेकून बसणारा गोबी किंवा ब्लेनी असेल तर एक चालेल. त्याला आधी महिना-दीड महिना वेगळ्या टाकीत ठेवा, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग माशाबरोबर येतो आणि त्यावरच्या तांब्याच्या औषधाने शंख, खेकडे, समुद्रफूल सगळे मरतात.

तारामाशाला अंगातल्या क्षारांचं नियमन जवळपास करताच येत नाही. पाण्यातला लहानसा फरकही त्याला बाधतो, आणि त्याचं आवडतं खाणं शिंपले. जुन्या, स्थिर टाकीत, रोज लक्ष देणाऱ्याकडे तो राहतो. तुमची टाकी वर्षाची झाली की पुन्हा विचारा, मी आनंदाने सांगेन.

आणण्याची पद्धत थोडक्यात. शंख आणि खेकडे ओल्या शेवाळात, सावलीत, वेगवेगळ्या डब्यांत आणा. बादलीभर साचलेल्या पाण्यापेक्षा असे ते सुखरूप पोचतात, कारण बादलीतला प्राणवायू रस्त्यातच संपतो. मासा आणि समुद्रफूल पाण्यात, पण पिशवीत पाणी एक भाग आणि हवा दोन भाग. घरी आल्यावर टाकीचं पाणी बारीक नळीने थेंबथेंब सोडत तासभर सवय करा. एका खेपेला दोनच प्राणी, आणि पुढची खेप तीन आठवड्यांनी, म्हणजे वाढलेली घाण पचवायला जिवाणूंना वेळ मिळतो.

किनाऱ्यावर उलटलेला प्रत्येक दगड होता तसा, त्याच बाजूने ठेवा. त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेले जीव ऊन लागलं की तासाभरात मरायला लागतात. हे मी कळकळीने सांगतोय, कारण यापूर्वी हे मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. त्यासाठी किनाऱ्यावरून प्राणी पुरवणाऱ्या फिलिप गॉस यांच्या लिखाणामुळे इंग्लंडभर घरोघरी समुद्री टाक्यांची हौस पसरली. लोक हातोड्या आणि बरण्या घेऊन किनाऱ्यांवर उतरले. गॉस यांचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये लिहून ठेवलंय की लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली ती भरलेली डबकी आता उरलेली नाहीत, आणि वडिलांना त्या ऱ्हासाचं फार दुःख झालं होतं.

उलट दिशेचंही तितकंच महत्त्वाचं. टाकीत इतर ठिकाणचं काहीही असेल, मासा, शेवाळ, विकतचा दगड, तर त्या टाकीतलं काहीच पुन्हा समुद्रात सोडू नका, पाणीसुद्धा नाही. मत्स्यालयांत लोकप्रिय असलेलं कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्यालगत छोट्याशा तुकड्यात दिसलं आणि पुढे भूमध्य समुद्राच्या तळावर मैलोन्‌मैल पसरलं. २००० मध्ये ते कॅलिफोर्नियात सापडलं तेव्हा ताडपत्रीखाली झाकून क्लोरीनने मारावं लागलं, आणि ते नष्ट झाल्याचं जाहीर व्हायला २००६ साल उजाडलं.

राहिला तुमचा ऑक्टोपस. लहान जाती जेमतेम वर्षभर जगतात, त्याला खायला सतत खेकडे लागतात, आणि बोटभर फटीतून तो रात्रीत निघून जातो. पण तो जिथे दिसला ती जागा लक्षात ठेवा. ऑक्टोपस बऱ्याचदा काही दिवस एकाच बिळात राहतो, आणि बिळाच्या तोंडाशी खेकड्यांची कवचं आणि फुटक्या शिंपल्यांचा ढीग साचलेला असतो. पुढच्या उधाणाला, सोबत कोणीतरी घेऊन आणि भरतीची वेळ बघून, त्याच डबक्यापाशी जा. सावली पडू न देता दहा मिनिटं बसा, आणि त्या ढिगामागे एक डोळा तुमच्याकडे बघतोय का ते पाहा.